मिलिते : शिपायाचं क्रियापद

रुआं शहरातल्या तुरुंगात १७ मार्च १४३१ या दिवशी एका मुलीला विचारलं गेलं की तू चर्चच्या निर्णयापुढे मान तुकवशील का. मुलगी साधारण एकोणीस वर्षांची, शेतकऱ्याच्या घरातली, लिहितावाचता न येणारी. ज्यान द'आर्क, म्हणजे आपण जिला जोन ऑफ आर्क म्हणतो ती. ती म्हणाली, ज्याने मला पाठवलं त्या प्रभूपुढे मी मान तुकवते. प्रभू आणि चर्च एकच आहेत असं मला वाटतं, यात तुम्ही अडचण का काढता? तेव्हा समोरच्या विद्वानांनी तिला समजावून सांगितलं की चर्च दोन आहेत. एक विजयी चर्च, म्हणजे वर स्वर्गात असलेले देव, संत, देवदूत आणि तरून गेलेले आत्मे. दुसरं 'एग्लीज मिलितांत', म्हणजे खाली पृथ्वीवर अजून लढत असलेलं चर्च : पोप, कार्डिनल, धर्मगुरू आणि सगळे चांगले ख्रिस्ती. या दुसऱ्या चर्चला तू मानतेस का, असा प्रश्न होता. मी वरच्या विजयी चर्चच्या आज्ञेने आले आणि माझी सगळी कृत्यं त्याच्याच हवाली करते, असं उत्तर तिने दिलं. लढणाऱ्या चर्चबद्दल मात्र आत्ता आणखी काही बोलणार नाही, म्हणाली. ३० मे रोजी तिला जाळण्यात आलं.

या प्रसंगातली एक गोष्ट वाचून झाल्यावरही पाठ सोडत नाही. त्या खोलीत खरी लढलेली ती एकटीच होती. ऑर्लेआंचा वेढा उठवताना मान आणि खांदा यांच्यामध्ये बाण लागलेली, चिलखत अंगावर वागवलेली. आणि 'लढणारे' हे विशेषण मात्र लावलं गेलं होतं तिला प्रश्न विचारणाऱ्या, झगे घातलेल्या माणसांना. आज फ्रान्समध्ये रविवारच्या भाजीबाजारात पत्रकं वाटणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला 'मिलितांत' म्हणतात, पुरुष असेल तर 'मिलितां', आणि ती करते त्या कामाचं क्रियापद आहे 'मिलिते'. शब्द तोच. तो तलवारीकडून झग्याकडे आणि झग्याकडून पत्रकांच्या गठ्ठ्याकडे कसा आला, हे बघताना राजकीय काम म्हणजे नेमकं काय, याबद्दल बरंच काही हाती लागतं.

मूळ लॅटिन. 'मीलेस' म्हणजे शिपाई, त्यावरून 'मिलितारे'. वार्रो या रोमन पंडिताने 'मीलेस'चा संबंध 'मिले' म्हणजे हजार याच्याशी जोडला होता : सुरुवातीच्या सैन्यात तीन जमातींनी प्रत्येकी हजार माणसं पाठवली, म्हणून ते मिलितेस. आजच्या भाषाशास्त्रात ही व्युत्पत्ती पक्की मानली जात नाही. पण शब्दाच्या पोटात शिरण्यापेक्षा तो वापरला कसा जायचा हे बघावं. लॅटिनमध्ये लढण्याला 'पुग्नारे' आहे, युद्ध करण्याला 'बेल्लारे' आहे. 'मिलितारे' म्हणजे सैन्यात असणं, सैन्याची नोकरी करणं. सम्राट ऑगस्टसच्या काळात लीजन म्हणजे रोमन पलटणीतल्या शिपायाची मुदत आधी सोळा आणि मग वीस वर्षं झाली, पगार वर्षाला २२५ दिनारी. या वीस वर्षांत प्रत्यक्ष लढाईचे दिवस किती असतील? बाकीचा सगळा काळ कूच, पहारा, रस्ते बांधणं आणि खणणं यांत जायचा. शत्रूच्या मुलुखात दिवसभर चालून आल्यावर संध्याकाळी छावणीभोवती खंदक खणायचा, निघालेल्या मातीचा बांध घालायचा, त्यावर बरोबर वाहून आणलेले लाकडाचे टोकदार सुळे रोवायचे. आणि मुक्काम हलला की पुढच्या ठिकाणी हेच पुन्हा. रोमन सत्तेच्या उत्तरकाळात तर कारकुनांच्या सरकारी नोकरीलाही 'मिलितिया' म्हणत आणि तेही शिपायासारखा कमरपट्टा बांधत.

म्हणजे या क्रियापदाच्या मुळाशी वार नाही, हजेरी आहे.

रोमन कवी ओव्हिडने याच क्रियापदाने एका कवितेची सुरुवात केली : 'मिलितात ओम्निस आमान्स', प्रत्येक प्रियकर शिपाईगिरी करतो. पुढे तो साम्य दाखवतो तेही झुंजीपेक्षा चिकाटीचंच जास्त : दोघेही रात्र जागून काढतात, दोघेही जमिनीवर झोपतात, एक सेनापतीच्या दाराशी पहारा करतो आणि दुसरा प्रेयसीच्या. ख्रिस्ती धर्माने शब्द उचलला तो याच अर्थाने. बायबलमधल्या, तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या लॅटिन भाषांतरात आहे की देवासाठी शिपाईगिरी करणारा संसाराच्या व्यवहारात गुंतत नाही. रोमन शिपायाच्या शपथेला 'साक्रामेन्तुम' म्हणत. तोच शब्द पुढे चर्चच्या संस्कारांचं नाव झाला. या वाटेने पृथ्वीवरचं चर्च 'मिलितांत' ठरलं : नोकरीची मुदत अजून संपलेली नाही, विजय अजून पदरात नाही, तोवर पहाऱ्यावर उभं राहायचं. वरचे सुटले, खालचे अजून कामावर. ज्यानला जे समजावलं गेलं ते हेच.

फ्रेंचमध्ये या क्रियापदाचा आणखी एक वापर न्यायालयात आणि वादविवादात रुळला, तो आजही चालतो. 'हा मुद्दा अमक्याच्या बाजूने मिलिते करतो' असं वकील म्हणतात. माणूस नाही, मुद्दाच शिपाई होऊन एका बाजूला उभा राहतो. फ्रेंच व्याकरणात हे क्रियापद अकर्मक आहे, हेही महत्त्वाचं. तुम्ही एखादी गोष्ट 'मिलिते' करू शकत नाही. कशासाठी तरी, कशाविरुद्ध तरी किंवा कुठे तरी मिलिते करायचं असतं : शांततेसाठी, अणुभट्टीविरुद्ध, सेजेते या कामगार संघटनेमध्ये. क्रियेला कर्म नसल्यामुळे ती पुरी झाली असं म्हणायला जागाच राहत नाही. भिंत बांधून होते, पत्र लिहून होतं. मिलिते करून होत नाही. म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलताना फ्रेंच लोक 'त्याने आयुष्यभर मिलिते केलं' असं अगदी सहज म्हणतात. त्या वाक्यात काय मिळवलं याचा उल्लेख नसतो, आणि कुणाला तो नसल्याचं जाणवतही नाही.

राजकारणात हा शब्द घट्ट बसला एकोणिसाव्या शतकात, कामगार चळवळीबरोबर. त्यामागे कायदेही आहेत. १८८१ मध्ये छपाई आणि भित्तिपत्रकं मोकळी झाली, १८८४ मध्ये कामगार संघटना कायदेशीर झाल्या, १९०१ मध्ये कुणालाही संस्था स्थापन करण्याचा हक्क मिळाला. १८९५ मध्ये लिमोज इथे सेजेते ही संघटना उभी राहिली, १९०४ मध्ये समाजवादी नेता जोरेसने 'ल्युमानिते' हे दैनिक काढलं, १९०५ मध्ये विखुरलेले समाजवादी एका पक्षात आले. आता कुणीतरी वर्गणी गोळा करायला हवी, अंक विकायला हवा, सभेचा हॉल भाड्याने घ्यायला हवा. ते करणारा तो मिलितां. त्याच्याभोवती सगळी सैन्याची शब्दसंपदा जमली. निवडणुकीची 'कांपान्य' म्हणजे मुळात रणमोहीम. घोषवाक्याला 'मो द'ऑर्द्र' म्हणतात, तो छावणीतला परवलीचा शब्द. 'काद्र' म्हणजे पलटणीचा अधिकारीवर्ग. 'कामाराद' स्पॅनिशमधून आलेला, एकाच खोलीत झोपणारे शिपाई. विचारवंतांनी आवडीने वापरलेला 'सांगाजे', म्हणजे बांधिलकी पत्करणं, हाही सैन्यात नाव नोंदवण्याचाच शब्द.

मराठीत वेगळं नाही. मोर्चा म्हणजे तोफा लावून धरलेली जागा, मोहीम म्हणजे स्वारी, आघाडी म्हणजे फौजेचा पुढचा भाग, बिनीचे शिलेदार तर सरळ पेशव्यांच्या फौजेतूनच आलेले. सगळी छावणी राजकारणात उतरली आणि त्या छावणीत राबणारा माणूस तेवढा 'कार्यकर्ता' राहिला. पण त्याच्या कामाचं वर्णन करताना आपण 'सतरंज्या उचलणं' म्हणतो, आणि ते 'मिलितारे'च्या मूळ अर्थाच्या फार जवळ आहे.

इंग्रजीने मात्र गोंधळ केला. तिथे हाच शब्द, 'मिलिटंट', हत्यारबंद किंवा किमान दगड उचललेल्या माणसाला चिकटला, आणि भारतीय वृत्तपत्रांनी तो त्याच अर्थाने घेतला. त्यामुळे झाडं वाचवण्यासाठी सह्या गोळा करणाऱ्या फ्रेंच माणसाची बातमी इंग्रजीवरून मराठीत येताना तो अतिरेकी होऊन बसण्याचा धोका असतो. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये 'आक्तिव्हिस्त' हा शब्द उलट जास्त दाहक आहे. अल्जेरियाच्या युद्धात, अल्जेरिया फ्रान्सकडेच राहावा म्हणून बॉम्ब लावणाऱ्या उजव्या जहालांना तो लावला जाई. फ्रेंच मिलितांसाठी मराठीत शब्द हवा असेल तर कार्यकर्ता हाच, दुसरा शोधू नये.

या माणसांचा मराठी इतिहासाशी एकदा थेट संबंध आला आहे. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात सावरकरांनी बोटीच्या खिडकीतून उडी मारली, किनारा गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं. फ्रेंच भूमीवर पाऊल ठेवलेल्या राजकीय कैद्याला असं परत देणं हा आश्रयाच्या हक्काचा भंग आहे, हा मुद्दा लावून धरला तो जोरेसच्या 'ल्युमानिते'ने आणि मार्क्सचा नातू ज्यां लोंगे याने. त्या गदारोळामुळे फ्रेंच सरकारला कैदी परत मागावा लागला आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. पण ज्याची भाषा येत नाही अशा माणसासाठी सहा-सात महिने लिहीत राहणं, हे मिलिते.

आता प्रत्यक्ष काम. फ्रेंच मिलितांची ओळख सांगणाऱ्या वस्तू दोन, बादली आणि ब्रश. भित्तिपत्रक चिकटवायला वॉलपेपरची सेल्युलोजची खळ वापरतात, ती पावडरीत मिळते. पावडरीवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात आणि त्या मग मोडत नाहीत. म्हणून आधी बादलीत थंड पाणी घ्यायचं, एका हाताने ढवळत दुसऱ्याने पावडर भुरभुरायची, पंधरा-वीस मिनिटं फुगू द्यायची आणि निघण्याआधी पुन्हा ढवळायची. दाट ताकाइतकी सैल झाली की बरोबर. ब्रश रुंद, लांब दांड्याचा. आधी भिंतीवर खळ, मग कागद, मग कागदावरून पुन्हा खळ. वरचा थर नवशिके टाळतात, कारण कागद भिजून फाटेल अशी भीती वाटते. पण तोच थर वाळल्यावर पावसाला थोडा अडवतो आणि कागद नखाने सोलून काढणं अवघड करतो. मोठं पत्रक छापील बाजू आत ठेवून घडी करून नेतात. वरचा अर्धा भाग आधी चिकटवायचा, मग खालचा उलगडायचा. ब्रश मधून कडांकडे, एकाच दिशेने. मागे-पुढे घासला की ओला कागद ताणतो, सुरकुततो आणि शेवटी फाटतो. सगळ्यात जास्त खळ वरच्या कडेला, कारण वारा आणि विरोधी पक्षाचा हात दोन्ही तिथूनच आत शिरतात. शून्याखाली थंडी असेल तर घरी बसलेलं बरं : खळ वाळण्याआधी गोठते आणि सकाळी पत्रक पायथ्याशी पडलेलं असतं. रात्री निघणाऱ्या टोळीत तीन माणसं पुरतात. एक खळ लावणारा, एक कागद धरणारा, एक गाडीपाशी रस्त्यावर लक्ष ठेवणारा.

चिकटवायचं कुठे, याचेही नियम आहेत. १८८१ च्या कायद्याची तारीख आजही जुन्या इमारतींवर रंगवलेली दिसते : 'पत्रकं लावण्यास मनाई, कायदा २९ जुलै १८८१'. ज्या कायद्याने छपाईला स्वातंत्र्य दिलं त्याचंच नाव मनाईच्या पाटीवर यावं, हे मला नेहमी खटकतं. पांढऱ्या कागदावरची जाहीर पत्रकं त्याच कायद्याने फक्त सरकारसाठी राखून ठेवली, म्हणून पक्षांची पत्रकं रंगीत कागदावर निघू लागली. निवडणुकीच्या पत्रकावर निळा, पांढरा, लाल हे तीन रंग राष्ट्रध्वजाशी गोंधळ होईल असे एकत्र वापरता येत नाहीत, पक्षाचं चिन्हच तसं असेल तर सोडून. उमेदवार सरकारी असल्याचा भास होऊ नये म्हणून. प्रत्येक गावाने मुक्त फलकासाठी जागा द्यायची असते : दोन हजारांपेक्षा कमी वस्तीला ४ चौरस मीटर, दहा हजारांपर्यंत ४ अधिक दोन हजारांवरच्या दर दोन हजारांमागे २, त्यापुढे १२ अधिक दहा हजारांवरच्या दर दहा हजारांमागे ५. ही जागा सगळ्यांची, त्यामुळे संध्याकाळी लावलेल्या पत्रकावर पहाटे दुसऱ्याचं बसतं. त्यावर पुन्हा आपलं लावायचं. एखाद्या जुन्या फलकाची कड उचकटली तर कागदाचा बोटभर जाड थर हाताला लागतो, सगळ्या पक्षांचा मिळून.

पत्रकं वाटायची तर बाजाराच्या त्या तोंडाशी उभं राहायचं जिथून लोक आत जातात. बाहेर येणाऱ्याच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात, तो घेऊ शकत नाही आणि उगाच ओशाळतो. कागदाचा मथळा घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सुलटा येईल असा धरायचा, पहिलं वाक्य चार शब्दांचं, विषयाचं, नमस्काराला जोडून. निघण्यापूर्वी आसपासची जमिनीवर पडलेली सगळी पत्रकं स्वतः उचलायची. चिखलात पडलेलं पक्षाचं नाव दिवसभर पायाखाली जातं. दारोदार जायचं असेल तर लिफ्टने वरच्या मजल्यावर जाऊन जिन्याने खाली येत जायचं, दोघांनी मिळून, लोक कामावरून घरी आल्यानंतर आणि जेवायला बसण्याआधी. घंटा वाजवली की एक पाऊल मागे सरकायचं, म्हणजे दार उघडणाऱ्याला दडपण येत नाही. फ्रांस्वा ओलांदच्या २०१२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात पन्नास लाख दारांचं लक्ष्य ठेवलं होतं. त्याचा नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की या भेटींनी मतदानाचं प्रमाण वाढलं नाही, पण ओलांदला मिळालेल्या मतांचा वाटा वाढला. दारात दोन माणसं पाच मिनिटं उभी राहिली, एवढंच काय ते घडलं होतं.

आणि वर्गणी. राज्यशास्त्रज्ञ मोरिस द्युव्हेर्जे याने १९५१ मध्ये पक्षांची रचना एकात एक वर्तुळांसारखी मांडली : बाहेर मतदार, आत सहानुभूतीदार, त्याच्या आत सभासद, मध्यभागी मिलितां. सभासद आणि मिलितां यांच्यातली रेघ वर्षानुवर्षं एका छोट्या तिकिटाने आखली जाई. सभासदाच्या कार्डावर बारा चौकोन, दर महिन्याची वर्गणी दिली की त्यात एक तिकीट डकवायचं. सभासदाने तिकीट घेतलं, मिलितांने ते घरी नेऊन दिलं. सेजेतेत वर्गणी हातात पडणाऱ्या पगाराच्या एक टक्का. खजिनदाराला माणसामागे महिन्यातून एकदा भेटावंच लागे, आणि त्या भेटीतच कळे की अमक्याच्या खात्यात ओव्हरटाइम बंद झालाय, तमक्याची बायको आजारी आहे, तिसरा संपाला घाबरतोय. बँकेतून वर्गणी आपोआप कापली जाऊ लागली तेव्हा वसुली सुधारली आणि ही सगळी माहिती येणं थांबलं. माझ्या मते संघटनांच्या ओहोटीची कारणं शोधताना विचारधारेइतकंच या तिकिटाकडेही बघायला हवं. समाजशास्त्रज्ञ ज्याक इयों यांनी १९९७ मध्ये हाच फरक तिकीट आणि पोस्ट-इट अशा दोन शब्दांत मांडला : पूर्वीचा माणूस तिकिटासारखा चिकटायचा, आताचा पोस्ट-इटसारखा लागतो आणि हवं तेव्हा निघतो. २०१६ मध्ये आलेल्या मॅक्रोंच्या चळवळीत तर संकेतस्थळावर एका क्लिकने फुकट सभासद होता येई.

पोस्ट-इटला मी कमी लेखणार नाही. तिकिटाच्या काळात पक्षाने माणसाच्या संध्याकाळी गिळल्या, लग्नं मोडली, पुष्कळांना नेत्यांच्या खोट्यावर वर्षानुवर्षं पांघरूण घालायला लावलं. शिपायाच्या क्रियापदात आज्ञापालनही येतंच, आणि ती त्याची काळी बाजू आहे. ज्यानला विचारलेला प्रश्नही तोच होता : लढणाऱ्या चर्चची आज्ञा पाळशील का? अशक्य ते सांगणार नसतील तर पाळीन, असं ती पुढे ३१ मार्चच्या चौकशीत म्हणाली, आणि प्रभूची आज्ञा आधी. विसाव्या शतकातल्या कितीतरी मिलितांना पक्ष सोडताना हे दोन्ही भाग, वेगळ्या शब्दांत, म्हणावे लागले. काहींनी फार उशिरा म्हटले.

मतदान रविवारी असतं. आदल्या दिवशीच्या शून्य तासापासून पत्रक वाटायला बंदी, म्हणजे शनिवारी गठ्ठे बंद. रविवारी संध्याकाळी मिलितांचं शेवटचं काम असतं ते मोजणीचं. पारदर्शक पेटी उघडतात, लिफाफे शंभर-शंभरच्या मोठ्या पाकिटांत भरतात आणि टेबलांवर वाटतात. प्रत्येक टेबलाशी किमान चार मोजणारे, आणि त्यांची नावं उमेदवारांनी सुचवलेली असतील तर प्रत्येक टेबलावर शक्यतो सगळ्या बाजूंची माणसं सारखी हवीत, असा कायदा आहे. एक जण लिफाफ्यातून चिठ्ठी काढून उलगडतो आणि दुसऱ्याकडे देतो, दुसरा नाव मोठ्याने वाचतो, उरलेले दोघे आपापल्या तक्त्यावर रेघ ओढतात. महिनाभर एकमेकांच्या पत्रकांवर खळ फासलेली माणसं इथे एका टेबलाशी बसतात, दोन तक्त्यांचे आकडे जुळले नाहीत तर शंभराची मोजणी पहिल्यापासून करतात, आणि जुळले की खाली सगळ्यांच्या सह्या होतात, हरलेल्या बाजूच्याही.